पदराआडचे चार आकडे

फोनवर आईशी बोलत होते. ती गावी, जामखेडपासून बऱ्याच लांब, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बोलता बोलता बँकेचा मेसेज आला. तिच्या खात्याला माझा नंबर जोडलेला आहे. जामखेडच्या एटीएममधून तिचे तीन हजार रुपये निघाले होते.

मी घाबरून विचारलं. आईचा आवाज मात्र शांतच. आज बाजार, आपल्या वस्तीवरचा जीपवाला गेलाय, त्याच्यापाशी कार्ड दिलंय, म्हणाली.

मग एकेक कळत गेलं. वस्तीवरच्या चार-पाच बायका आपापली कार्डं त्याच्याकडे देत. तो ती रुमालात बांधून नेई आणि भाजीबरोबर पैसेही आणून देई. आईचा पिन तर कार्डाच्या पाठीवरच मार्करने लिहिलेला होता. मला राहवलं नाही. मागचे सगळे मेसेज काढून आईला विचारत जुळवले. एक रुपयाही इकडचा तिकडे नव्हता.

अडचण तीच होती. माणूस लबाड असता तर कार्ड मागून घेणं सोपं. वडील गेले त्या रात्री त्यांना जीपमधून दवाखान्यात नेणारा हाच.

"कार्ड न्हाई द्यायचं म्हंजी त्याला चोर म्हनल्यासारखं हाय," आई म्हणाली. "मी न्हाई तसं करायची."

रुमाल कुठे पडला तर काय, हे मी सांगून पाहिलं. ती ऐकेना. शेवटी म्हटलं, "उद्या कुणी परक्याने पैसे काढले, तर गाव पहिलं नाव कुणाचं घेईल?"

"मग फुडच्या बाजाराला तूच ये," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला मी गावी गेले आणि आम्ही दोघी जीपमध्ये बसलो. निम्मा रस्ता सरल्यावर आईने विषय काढला.

"आजपसनं पैसं मीच काढीन म्हंते. राग न्हाई ना तुला?"

त्याने जीपचा वेग कमी केला.

"राग कसला, मावशी? तो रुमाल खिशात असला की मला च्या गोड लागत नव्हता. पर तुमाला न्हाई कसं म्हनायचं?"

"मग सांगायचं की, मुडद्या. फुकट कडू च्या पीत बसलास."

एटीएममध्ये मी तिला पिन बदलायचा कसा ते दाखवलं. जन्मसाल नको, कुठे लिहायचा नाही, मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात कार्ड द्यायचं नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही आकडा सांगायचा नाही.

"कुनालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

तिने पदर ओढून बटणांवर धरला. मग थांबून माझ्याकडे पाहिलं.

"मग तू बी भाईर थांब."

खरं तर तो आकडा मी माझ्याकडे जपून ठेवणार होते, ती विसरली तर असावा म्हणून. पण सांगितलं मीच होतं. बाहेर आले. जीपवाला काचेकडे पाठ करून उभा होता. त्याच्या शेजारी मीही तशीच उभी राहिले. आत बराच वेळ काही हालचाल नव्हती. आत जावं असं दोनदा मनात आलं, गेले नाही.

मग हातातला फोन वाजला. दोन हजार.

आई कार्ड कनवटीला खोचत बाहेर आली आणि आम्हा दोघांच्या पाठींकडे बघून हसली.

"चल रं," ती जीपवाल्याला म्हणाली, "आता च्या पाजते तुला."