मुहूर्तमेढ

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी बोलणं पीकपाण्याकडे वळवायचो. आता टाळायलाही फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या गावच्या बाजारात एक जुनी धर्मशाळा आहे. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, मधे चौक आणि तिन्ही बाजूंनी कमानींची पडवी. दाराशेजारच्या फरशीवर माझं नाव कोरलेलं आहे. माझ्या कारकिर्दीत ही वास्तू वाचली, असं तिथं लिहिलं आहे. खरं तर मी सरपंच असताना ती पाडायचं मीच ठरवलं होतं. वाचवली ती माझ्या लहानपणच्या मित्रानं. तो मळा करायचा, वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि बाजाराच्या दिवशी उगवतीकडच्या कमानीत बसून विकायचा.

धर्मशाळा पाडून तिथं सिमेंटचे गाळे काढायचे, असं आमचं ठरत होतं. रस्त्याकडचा एक गाळा मी माझ्या मुलासाठी मनात धरून ठेवला होता. ग्रामसभेत इमारत धोक्याची झाली आहे, असं मी सांगितलं. एका कोपऱ्यातलं छत गळत होतं, एवढाच धोका होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो एकटा उभा राहिला.

"सरपंच, बाजार त्या कमानीच्या सावलीत बसते. ऊन लागलं का भाजी मान टाकते, गिऱ्हाईकही टाकते."

"मंग गाळ्यात बस ना बे. पंखा लावून देतो तुले."

"मी बसीन. सोनाळ्याची बाई एक टोपलं पालक घेऊन येते, ते गाळा घीन का? तिले सावली पाहिजे, शटर नाही."

लोक हसले, ठराव झाला.

पाडायचं मशीन यायच्या आधी तो माझ्याकडे आला. पोरीचं लग्न ठरलं होतं, वरवट बकालला दिली होती. म्हणाला, "धर्मशाळेत मांडव टाकू दे. मंग तुले काय करायचं ते कर." मी लगेच हो म्हटलं. एवढ्यावर ऐकतो आहे तर बरंच झालं, असं मला वाटलं. मात्र त्यानं लग्नासाठी मळ्यात विहिरीजवळची जागा साफ करून ठेवली होती, तिथं पंगतीच्या स्वयंपाकाचं चूलखंडसुद्धा खणून झालं होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला जागेची गरज नव्हती. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

चौकात मुहूर्तमेढ रोवली गेली. लग्न झालं, वऱ्हाड गेलं, मांडव तसाच. आमच्याकडे मेढ ज्यानं रोवली त्यानंच पूजा करून काढायची असते. दुसरा कोणी तिला हात लावत नाही, लावला तर त्या पोरीच्या संसाराला बाधतं असं मानतात. ठेकेदार माझ्या मागं लागला. मी मित्राला गाठलं.

"मेढ काऊन नाही काढली बे अजून?"

"पोरगी पहिल्यांदा माहेरी येऊ दे. मंग काढू."

पोरगी येऊन गेली. तोवर त्याच मांडवात त्याच्या पुतण्याला हळद लागली होती. मग गावातल्या आणखी एका घरचं लग्न झालं. मग सोनाळ्याकडचे कोणी आले. ज्याला त्याला हा सांगायचा, मांडव उभाच आहे, तुम्ही कायले खर्च करता? एक मेढ निघायच्या आत दुसरी रोवली जायची. शेवटी ठेकेदारानं मशीन आणून दारात उभं केलं. चालवणारा आत डोकावला, मेढेला बांधलेली आंब्याची डहाळी पाहिली आणि खाली उतरला. म्हणाला, "मी नाही घालत हात. माह्या घरीबी पोरी आहेत." मशीन दुसऱ्या गावच्या कामाला गेलं, ते परत आलं नाही.

मी चिडलो होतो. पुढच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर म्हणालो, "याले धर्मशाळेचं काही पडलं नाही. याले पोरगी फुकटात उजवायची होती." मोठा हशा झाला. तो टोपी सारखी करून बसून राहिला. हे शब्द गावाला चिकटले. त्याला बाजारात लोक 'फुकट मांडव' म्हणू लागले. ते वरवटलाही पोचलं. तिथं त्याच्या पोरीला, फुकटात उजवलेली म्हणून, सासूनं आणि जावांनी किती वर्षं ऐकवलं, हे मला माझ्याच बायकोकडून कळलं. विहिरीजवळच्या जागेबद्दल मी एक शब्द जरी बोललो असतो तरी ते थांबलं असतं.

पुढं गाळ्यांचा ठराव बारगळला आणि माझ्याच कारकिर्दीत धर्मशाळा दुरुस्त झाली, म्हणून फरशीवर नाव माझं लागलं. चुन्याचं काम येणारे गवंडी बाहेरून आणावे लागले, पण त्यांच्या हाताखाली आमची दोन-तीन पोरं शिकली आणि आता देवळांच्या कामांना जिल्हाभर जातात. बाजार वाढला. आसपासच्या गावांनी गाळे बांधले, त्यांतले बरेच बंद असतात. त्यांच्याकडच्या बायाही टोपली घेऊन आमच्या कमानीत येतात. कासार येतो, भांड्याला कल्हई करणारा येतो, मागच्या खोलीत बचत गटाचा स्वयंपाक चालतो. लग्नं तर आहेतच. गाळा मिळाला असता तर माझ्या मुलानं जे दुकान काढलं असतं, तेच आज त्याच कमानींसमोर चालतं, ते या गर्दीवर.

दुरुस्तीच्या समारंभात मला शाल दिली. तो पायऱ्यांवर वांग्यांच्या टोपल्याजवळ बसला होता, त्यानंही टाळ्या वाजवल्या. नंतर शाल चाचपून म्हणाला, "चांगली आहे बे. हिवाळ्यात कामी येईन."

एकदा सगळं कबूल करायचं ठरवून त्याच्या मळ्यात गेलो. तेव्हा तो आजारी होता, बाजेवर पडूनच असायचा. "काय काम काढलं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, सहज." चहा झाला. निघताना त्यानं मला पिशवीभर वांगी दिली. त्या हिवाळ्यात तो गेला.

यंदा त्याच्या नातीचं लग्न होतं. सासरच्यांकडे हट्ट धरून त्याच्या पोरीनं मांडव इथंच, धर्मशाळेत, टाकला. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागले आहेत. मुहूर्तमेढ रोवायच्या वेळी तिनं मला घरून बोलावून घेतलं. हळदीकुंकवाचं ताट पुढं केलं आणि म्हणाली, "काका, धर्मशाळा तुम्ही राखली म्हणून आज हा मांडव इथं आहे. पह्यला हात तुमचा लागू द्या."

येताना वाटेत मी तिला सांगायचे शब्द जुळवले होते. बाई, धर्मशाळा तुझ्या बापानं राखली. तुझं लग्न फुकटात नव्हतं, त्याची मळ्यातली जागा तयार होती आणि हे मला ठाऊक होतं. तुला सासरी जे ऐकावं लागलं ते माझ्या तोंडातून निघालं होतं. मला माफ कर.

मी मेढेला हळद लावली आणि म्हणालो, "सुखी राहा."