दार लावा म्हणालो होतो

जळगावातल्या मेहरूण भागातल्या घरून निघालो तेव्हाच पाठ धरली होती. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एक हातपंप आणि गोल पांढऱ्या कागदांचा डबा. पंपानं हवा ओढायची, कागद किती काळा पडतो ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. नव्वदनंतरच्या त्या उन्हाळ्यांत पश्चिमेचे डोंगर सारखे पेटत. धूर खालच्या पाड्यांवर उतरे, म्हणून कचेरीनं हे काम माझ्या गळ्यात मारलं होतं.

एरंडोलपर्यंत एसटीत उभाच. धुळ्याला शेवभाजी खाल्ली, तोंड भाजून घेतलं आणि पुढची गाडी पकडली. पिंपळनेरला उतरलो तर डोंगरच दिसेनात, सगळं राखाडी. तिथल्या चहाच्या टपरीवर बसून मी दवंडीसाठी एक वाक्य लिहिलं: ‘धूर उतरला की घरात बसा, दारं लावा.’ वाक्य सुटसुटीत झालं म्हणून मीच खूश झालो. पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावला आणि जळगावच्या कचेरीला ते कळवूनही टाकलं. एकाही पाड्यातलं घर मी तोवर आतून पाहिलं नव्हतं.

जीपनं पाड्यावर पोचलो. उतरायची सोय नथू आबांकडे होती. त्यांची बायको, जिला सगळा पाडा अक्का म्हणे, जुन्या दम्याची. तिनं नागलीची भाकरी आणि ठेचा वाढला आणि पंप पाहून सायकल कुठे ठेवली म्हणून विचारलं. आबांनी वणव्याचं सांगितलं. मोहाची फुलं वेचायला बरं पडावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. एखादी आग हातची सुटली की डोंगर पेट घेतो. जेवण अंगणातच झालं आणि तिथंच खाटेवर मी आडवा झालो. संध्याकाळी कोतवालानं माझी दवंडी पिटली. बठ्ठ्या (सगळ्या) पाड्यानं ऐकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि धूर उतरला. मी शाळेच्या ओट्यावर पंप मारत होतो. कागद राखेच्या रंगाचा झाला. मान वर करून पाहिलं तर पाड्यात एक दार उघडं नाही. मनात म्हटलं, चला, इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणीतरी आपलं ऐकलं!

परत आलो तेव्हा आबांच्या घरातून खोकला ऐकू येत होता. थांबेचना. दार ढकललं आणि माझेच डोळे मिटले. आत चूल पेटलेली. धूर ढोरांनाही बाधेल म्हणून दोन बैल आणि शेळ्या आत घेतलेल्या. ढोरं आत म्हणजे माश्या आल्या, म्हणून घमेल्यात गोवऱ्यांची धुरी घातलेली, रोजच्या सवयीनं. खिडकी नव्हतीच, आणि कुडाच्या फटींत गोणपाटं कोंबलेली. अक्का भिंतीला टेकून, तोंड उघडं, ओठ काळेनिळे.

“आबा, दार कशाला लावलंत?”

“तुम्हीनच सांगं ना, भाऊ,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शेजाऱ्यांनी अक्काची खाट उचलून टेकडीपलीकडच्या नाल्यात नेली. तिथं वारा स्वच्छ होता. मी मात्र तेवढ्यातही घरात एक कागद ओढून घेतला. सवय, दुसरं काय! तो तव्याच्या बुडासारखा निघाला. त्याची मला अजून लाज वाटते. मग घरोघर धावलो, चुली आणि धुऱ्या विझवायला लावल्या, दारं उघडवली.

पिंपळनेरहून डॉक्टर आले, सुई दिली. ऊन उतरता उतरता अक्काचा श्वास जरा ठिकाणावर आला. माझ्याकडे पाहून तिनं हळूच विचारलं, “भाऊ, आते (आता) दार लावानं का उघाडानं?”

मी म्हटलं, आधी चूल आणि धुरी विझवायची, ढोरं बाहेर बांधायची, मग लावायचं. आणि तुम्हाला दम लागला तर घरात थांबायचंच नाही, इथं नाल्यात यायचं. तिनं मान हलवली. आदल्या दिवशीही तिनं अशीच मान हलवली असणार.

कोतवाल नवी दवंडी द्यायला तयार होईना. काल एक आणि आज एक सांगितलं तर लोक त्याला हसतील. रास्तच होतं. मग मीच त्याच्याबरोबर फिरलो आणि प्रत्येक वळणावर सांगितलं की काल चुकलो तो मी, हा नव्हे. घसा बसला. कुणी हसलं नाही.

जळगावला पोचलो तो थेट कचेरीत. वहीत दोन कागद चिकटवले होते, एक राखाडी, एक काळा. साहेबांनी ते पाहिलेच नाहीत. ते खुशीत होते. वाक्य फार सोपं आहे म्हणाले. डोंगरालगतच्या बठ्ठ्या पाड्यांना तेच छापून टपालानं कालच रवाना झालं होतं, खाली माझं नाव घालून.

टपाल मागं बोलावता येत नाही. प्रवासात माणूस शिकतो म्हणतात. मी शिकलो तो अक्काच्या श्वासावर, आणि माझं न शिकलेलं वाक्य माझ्या पुढं निघून गेलं होतं. पिशवी खांद्यावरून उतरवलीच नाही. घरी निरोप धाडला आणि धुळ्याच्या गाडीला पुन्हा उभा राहिलो.