वाघळांचं गाऱ्हाणं

आमची सोसायटी मुलुंडची. चार मजली पाच इमारती, लिफ्ट एकीलाही नाही, आणि आम्ही अर्थातच चौथ्या मजल्यावर. वडिलांनी घर घेतलं तेव्हा आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धाडधाड जिने चढायची. मग तिचे गुडघे गेले. दोन वर्षं ती खाली उतरलीच नव्हती. उतरायची ती फक्त डॉक्टरकडे जायला, खुर्चीत बसून, चौघांच्या हातांवर, आणि प्रत्येक जिन्यावर मला शिव्या घालत.

म्हणून रिडेव्हलपमेंटचं ठरलं तेव्हा बाकीचे कार्पेट एरियावर भांडत होते आणि मी एकच विचारत होतो, लिफ्ट कधी मिळणार? आईचं वय बघता मला घाई होती. मिटिंगमध्ये मी दोनदा आवाज चढवला, त्यामुळे मला कमिटीत घेतलं. आमच्याकडे ओरडणाऱ्याला गप्प करायची हीच पद्धत आहे.

आमच्या गॅलरीसमोर एक अवाढव्य रेन ट्री. त्यावर वटवाघळं. दिवसभर दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या मोज्यांसारखी लटकायची, आणि दिवेलागणीला एकेक करून सुटायची ती डोंगराच्या दिशेने. खाली चेअरमनची पांढरी गाडी उभी असायची. ती सकाळी पांढरी राहिलेली नसायची, त्यामुळे वटवाघळांबद्दल चेअरमनचं मत काय होतं ते सांगायला नको.

बांधकाम मोठं, म्हणून पर्यावरणाचा अहवाल लागतो असं कळलं. अहवाल करणाऱ्या कंपनीकडून एक मुलगी आली. झाडं, पक्षी, प्राणी, जे असेल ते बघून लिहायचं हे तिचं काम. झाडाच्या नेमक्या उंचीवर आमची गॅलरी, म्हणून ती दुर्बीण घेऊन आमच्याकडेच बसली. आईला तर सणच. "गो बाय, आधी खा, मगे बघ," म्हणत तिने तिला घावन-चटणी खायला लावली, आणि मग कुठलं वाघूळ भांडकुदळ आहे आणि कुठलीच्या पोटाला पिल्लू आहे ते सांगत बसली.

निघताना त्या मुलीने मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. नकाशात पार्किंगचा रॅम्प बरोबर या झाडावर येतो. इथे एवढी वटवाघळं राहतात हे अहवालात आलं की वरची समिती प्रश्न विचारणार, नकाशा बदलावा लागणार, काम लांबणार. "मी अजून एकदा येईन काका, आणि दिसेल ते लिहीन," ती म्हणाली. माझं तोंड कडू झालं. पोरगी चांगली होती म्हणून तिच्यावर चिडताही येईना.

चेअरमन त्याच आठवड्यात घरी आले. "सोप्पं आहे रे. दोन दिवस सुतळी बॉम्ब लावू. मॅडम परत येतील तेव्हा झाड रिकामं." मी म्हटलं, बघू. आई गॅलरीत लसूण सोलत होती. तिचे गुडघे गेले होते, कान नव्हते गेले.

त्या रविवारी करारावर सह्या व्हायच्या होत्या. सोसायटीत बहुतेक सगळे आम्ही कोकणातले, तेव्हा नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी पेनाला हात लावणार नव्हतं. गाऱ्हाण्यात एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे काम खरं पुरुषांचं, पण वडील गेल्यापासून आमच्यात ते तोंडपाठ असलेली एकटी आईच. ती खाली येऊ शकत नाही, म्हणून सगळे आमच्या घरात जमले, अगदी जिन्यापर्यंत.

आईने पदर घेतला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां नारळ ठेवन गाऱ्हाणां घालतत, ता मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"नवी बिल्डिंग उभी रवांदे, कामात काय वाकडां-तिकडां इला तर ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"म्हातारी-कोतारी लिफ्टीन खाली उतरांदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात मी सगळ्यात जोरात.

"आणि समोरच्या झाडार जी वाघळां आसत, ती पण तुझीच लेकरां. तेंच्या घरार कोण फटाके लावूक बघीत, तर तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात चेअरमनचा आवाज खणखणीत.

"झाड रवांदे, रॅम्प दुसरीकडे सरांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," म्हणून झालं आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाच्याही तोंडाला आता मागे फिरता येत नव्हतं. समोर नारळ, त्यावर हळदकुंकू.

"काकी, हे काय केलंत?" चेअरमन म्हणाले.

"मी खय काय केलंय? व्हय तुम्ही म्हटलात."

सगळे गेल्यावर मी भडकलो. "लिफ्ट कुणासाठी मागतोय मी? काम लांबलं तर तुझंच नुकसान ना गं?"

ती नारळ फोडायला कोयता शोधत होती. म्हणाली, "तू सकाळी अंधेरीक जातंस तो रात्री येतंस. दोन वर्षां माझ्यावांगडा कोण होता? तीच. तेंका घालवून मी लिफ्टीन खाली जाव काय?" मी कोयता काढून दिला.

फटाके वाजले नाहीत. मुलीने दिसलं ते लिहिलं. रॅम्प मागच्या बाजूला गेला, आणि काम लांबायचं तेवढं लांबलं. आम्ही कांजूरमार्गला भाड्याने राहिलो, पहिला मजला, तिथेही लिफ्ट नाही, वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास. मी रविवारी साइटवर जाऊन झाड बघून यायचो. बांधकामाच्या दणक्याने वाघळं कमी झाली होती, पण होती. आईला तेवढंच सांगायचो. तिची तब्येत उतरत चालली होती आणि मला रोज एकच धास्ती, ही लिफ्ट बघणार की नाही?

बघितली. आता आम्ही सातव्या मजल्यावर आहोत. सामान लागलं त्याच संध्याकाळी तिने चप्पल मागितली. लिफ्टचं बटण मला दाबू दिलं नाही. खाली माझा हात धरून झाडाच्या पारापर्यंत आली, बसली, मान वर केली. चेअरमनची गाडी तिथून लांब, छपराखाली. वाघळं सुटायला लागली, डोक्यावरून, एकामागून एक.

"हयसून केवढी मोठी दिसतत रे," ती म्हणाली. थोडा वेळ बघितलं आणि उठायला हात पुढे केला. "चल, वर जावया."

"एवढ्यात? इतकी वर्षं थांबलीस ना?"

"मगे काय झाला," आई म्हणाली, "उद्या परत येतलंय."