दोरिवालचं रुसणारं घर

दोरिवालला राग आला की तो घर सोडून जायचा नाही, घर घेऊन जायचा. ओंडक्यांवर तरंगणारं घर ते. दोर सोडायचा, मोटारहोडीला बांधायचं आणि ओढत जुरुआ नदीच्या पलीकडच्या काठाला न्यायचं, की झालं. पलीकडे दुसऱ्या पालिकेची हद्द. त्यामुळे आमच्या पालिकेची लोकसंख्या दोरिवालच्या मर्जीवर चढायची-उतरायची.

या खेपेला निमित्त डॉमिनोच्या डावाचं. मेहुणा वाल्देसीर सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, सोंगटी लपवलीत." डबल-सहाची सोंगटी खरंच दोरिवालच्या खिशात होती, पण म्हणून असं चारचौघांत बोलायचं? तो माफी मागत नाही तोवर परतायचं नाही, असं ठरवून दोरिवाल बिऱ्हाडासकट पलीकडे गेला.

नेमकी तेव्हाच जनगणना आली. वस्तीत माणसं कमी भरली तर शाळा बंद होणार होती. दोरिवालची नातवंडं त्याच शाळेत जायची. त्याचा जीव खालीवर होत होता, पण मेहुण्यापुढे नाक खाली कसं करायचं? मासा आणि कसाव्याच्या कंदाचं पीठ खाऊन तो झुल्यात झोपून गेला.

जागा झाला तर घर अलीकडच्या काठाला. बायको एदिलेनी आणि सुनांनी परस्पर ओढून आणलेलं. दारात मनाउस शहरातून आलेली जनगणनेवाली मुलगी, काठावर अख्खी वस्ती.

"घरात माणसं किती?" मुलीनं विचारलं.

"सात," एदिलेनी म्हणाली. "झुल्यातले ते पाहुणे. पलीकडे राहतात."

दोरिवाल झुल्यात ताडकन उठून बसला. स्वतःच्या घरात पाहुणा!

"एक माणूस कमी पडतंय हो," काठावरून मास्तरीण रडवेली होऊन म्हणाली.

सगळ्यांनी वाल्देसीरकडे पाहिलं. त्यानं डोकं खाजवलं. "लिही गं पोरी, इथलेच आहेत ते. इतकी वर्षं आम्हाला फसवून जिंकतायत. पाहुण्याची होईल का एवढी हिंमत?"

माणसं खो खो हसली. दोरिवाल लालबुंद होऊन दोराकडे धावला. गाठीवर एदिलेनी बसली होती, मासे साफ करत. तिनं मान वर केली नाही.

तो दारापर्यंत परत आला. मग मुलीला म्हणाला, "लिही. आठ."

आणि खिशातली डबल-सहा काढून त्यानं वाल्देसीरच्या हातात ठेवली. "ही घे. हीपण इथलीच आहे."