घरातला दुसरा मतदार

कुमुदताई आमच्या दाराची बेल वाजवायच्या आणि ह्यांनी दार उघडलं की म्हणायच्या, "तुमच्याकडे काम नाही. घरातल्या दुसऱ्या मतदाराला बोलवा." मी ओले हात पुसत बाहेर यायची. मी मूळची यवतमाळची. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी विचारतात. ही बाई पाणी सोडाच, नुसतं "बसा" म्हटलं तरी "बसायला आले असते तर दुपारी आले असते" म्हणायची. पहिल्यांदा मला वाटलं, निवडणुकीला उभ्या आहेत की काय.

त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. आयुष्यभर लोकांचे कॉल जोडून दिल्यामुळे असेल, पण लांबण लावलेलं त्यांना अजिबात खपत नसे. कुणी तेच तेच सांगू लागलं की, "एकदाच सांगा, मला ऐकू येतं." कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत त्यांना दोनच गोष्टींचा ध्यास होता. एक, आवारातलं जुनं जांभूळ. उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी त्या घराघरातून बादलीत गोळा करून त्याला घालत. आणि दुसरी, बायकांचं मत. ह्या दोन्हींतलं एकच वाचवायची वेळ आली तर बाई काय करतील, असं मला उगीचच कुतूहल होतं.

फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, म्हणून सोसायटीच्या सभेत मतही नवऱ्याचं. पण सभेला माणसं जमायची मारामार. मग सेक्रेटरी दारोदार सांगत फिरायचे, "वहिनी, तुम्ही नुसत्या येऊन बसा." नवरे चिठ्ठीवर सही करून आम्हाला आपल्या जागी धाडायचे. सभा आमच्या बसण्याने भरायची आणि हात वर करायची वेळ आली की सेक्रेटरी आमच्याकडे न बघताच "सर्वानुमते मंजूर" लिहून टाकायचे. आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नसे, हे विशेष.

पुढे खराडीत, हिंजवडीत ऑफिसं उघडली, घरटी गाडी आली आणि गाड्या लावायला जागा पुरेना. जांभूळ तोडून पार्किंग करायचा ठराव आला. सभा नेमकी क्रिकेट मॅचच्या रविवारी. पुरुष टीव्हीसमोर आणि खाली सतरंजीवर आम्ही बायका. कुमुदताई उठल्या. "सेक्रेटरीसाहेब, ह्यांच्या बसण्याने सभा भरते ना? मग ह्यांचे हातही मोजा. नाहीतर सभा भरलीच नाही असं लिहा." सेक्रेटरींची पंचाईत झाली. सभा भरली नाही म्हणावं तर ठरावच बारगळणार. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, मोजतो."

हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. बायकांनीच केला. तळमजल्यावरच्या सुनंदावहिनी तर उभ्या राहून म्हणाल्या, "जांभळांचे डाग घासून घासून माझे हात झिजले. ह्यांना रोज गाडी लावायला गल्लीत चकरा माराव्या लागतात त्या वेगळ्या." माझा हात झाडाच्या बाजूने होता. आम्ही मोजक्याच होतो.

महापालिकेची नोटीस झाडावर लागली तेव्हा मी तणतणत कुमुदताईंकडे गेले. हरकतीचे अर्ज देऊन त्यांनी परिसरातली कितीतरी झाडं वाचवली होती. म्हटलं, "अहो, तुम्ही एक अर्ज दिलात तर थांबेल की हे."

"थांबेल."

"मग?"

"त्या सभेत बायकांनी पहिल्यांदा हात वर केले. ते मी महापालिकेत जाऊन खाली पाडू? पुन्हा कोण वर करेल?"

"पण चुकीचा निर्णय आहे हा."

"आहेच. पण त्यांचा आहे."

झाड पडलं त्या दिवशी त्या जिन्यात बसून रडल्या. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना सोडून वर जाववतही नव्हतं.

काही वर्षांनी फाटकाजवळचा कडुनिंब काढून तिथेही फरशी घालायचा ठराव आला. कुमुदताई तेव्हा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. सभेत सुनंदावहिनीच आधी उभ्या राहिल्या. "जांभूळ गेल्यापासून दुपारी गॅलरीत पाय ठेववत नाही. हा कडुनिंब राहू दे." ठराव पडला. मी तशीच जिना चढून कुमुदताईंकडे गेले.

"तुम्ही नव्हतात, तरी कडुनिंब राहिला," मी म्हटलं.

"'तरी' कशाला म्हणतेस? मी असते तर माझ्या तोंडाकडे बघून हात वर केले असते." मग म्हणाल्या, "सुनंदा आपणहून बोलली? कुणी शिकवलं नव्हतं?"

"आपणहून."

त्यानंतर महिनाभरातच त्या गेल्या. पण ती संध्याकाळ आठवते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, थकल्या, आपण निघावं. उठले, तर हात धरून मला खाली बसवलं.

"पुन्हा सांग," म्हणाल्या. "सावकाश सांग. अगदी पहिल्यापासून."