भंगाराचा भाव आणि काकांची युद्धं

जगातलं कुठलंही युद्ध आधी आमच्या रुआबांधा वस्तीत, शेजारच्या काकांच्या ओसरीवर सुरू होतं. बाकीच्या देशांना मागाहून खबर लागते. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून काकांचं सगळं ध्यान तिकडंच. भंगारवाला गल्लीत शिरला की विकायचं काही नसताना हे लोखंडाचा भाव विचारणार. भाव चढलेला असला की झालंच! "रणगाडे बनून राहिले कुठंतरी. अन् माल बनला का गिऱ्हाईक लागते ना बेटा. नाही भेटलं त हे लोक दोघांत भांडण लावून देते." इथपर्यंत पटतं हो. पण पुढे काका युद्धाची जागा आणि मुहूर्तही सांगतात, आणि तो हमखास चुकतो. एकदा महायुद्ध ठरलंच म्हणून त्यांनी तांदळाची पोती भरून ठेवली. युद्ध झालं नाही, तांदळाला सोंडे मात्र झाले, आणि काकू बिचाऱ्या निवडत बसल्या. काका 'चुकलो' म्हणतील तर शपथ! "पुढं ढकललं त्यायनं," म्हणाले.

माझी मनू डॉक्टरी शिकायला परदेशी निघाली, तेव्हा काकांनी छातीठोक सांगितलं होतं, "बिनधास्त पाठव. तिकडं काहीच होत नाही." नेमकी तिथंच लढाई पेटली. पोरगी होस्टेलच्या तळघरात आणि फोन लागेना. मी देवापुढे बसलेली, तर काका आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सीमा बंदच राहणार. एक गाडी निघत नाही. पोरी अडकल्या समज." अस्सा संताप आला मला!

"काका, असं काहून बोलून राहिले तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. "माझं आजवर एक तरी खरं झालं का बेटा? म्हणून बोलून राहिलो." मग रोज येऊन ते वाईटात वाईट सांगायचे, आणि मी चहा पुढे करून म्हणायची, "अजून सांगा, काका."

सीमा उघडली. मनू दुर्ग स्टेशनवर उतरली, तेव्हा माझ्याही आधी काका धावले. "चुकलो! साफ चुकलो मी!" असं आख्ख्या फलाटाला ओरडून सांगत होते. त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

आता काका थकलेत. भंगारवाला ओरडत जातो, ते खुर्चीतून उठत नाहीत. काल मी जवळ बसले तर हळूच म्हणाले, "हा शस्त्रांचा धंदा काही बंद होत नाही बेटा. कधीच नाही."

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "तुमच्या तोंडात साखर पडो, काका."