कुत्राले नाव शे

लहानपणी मी एका कुत्र्यावर जळायचे. तो पोलीस खात्यात होता. परदेशातला जुना विनोदी मारधाडीचा पिक्चर, हिंदीत डब केलेला. गुजराती मुलखात, गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत तो टीव्हीवर लागला की मी आणि आमच्याकडेच राहणारी मामेबहीण एका गादीवर बसून बघायचो. कुत्रा चोर पकडायचा, साहेबाचं जेवण पळवायचा, शेवटी त्याच्या गळ्यात पदक. त्याची खोली झाडणाऱ्या माणसाला पिक्चरभर कोणी नावाने हाक मारली नाही. डबिंगवाल्यांनी त्याच्या तोंडी मराठी वळणाची हिंदी घातली होती, लोकांनी हसावं म्हणून. वडील मात्र खूश व्हायचे. "आपला मानूस शे," म्हणायचे.

माय मागे बसून साड्यांचे धागे कापायची. एकदा ती मान वर न करता म्हणाली, "कुत्राले नाव शे, मानूसले नही."

वडील लूम कामगारांच्या सभांमधून पत्रकं आणायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी पत्रक सुचतं.

मागच्या महिन्यात वस्तीच्या वाचनालयात आम्ही तोच पिक्चर दाखवला. नंतर चर्चा होती. मी आठ दिवस खपून पत्रक लिहिलं. पिक्चरमधला काळा पोलीस फक्त घाबरायला, पोलीसबाई फक्त साखळी धरायला आणि झाडणारा फक्त हसवायला, हे कोणी ठरवलं, असं त्यात विचारलं होतं. माझा त्यातल्या प्रत्येक शब्दावर विश्वास होता, अजूनही आहे. मी ते उभं राहून वाचलं. लोकांनी सभ्यपणे ऐकलं. दोघं-तिघं मोबाइल बघत होते.

मग मामेबहीण उठली. ती साड्यांना स्टोन लावते. माझ्या मायला ती फुई, म्हणजे आत्या, म्हणते. माझं एकही पत्रक तिने शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

"मी जास्त नही बोलस," ती म्हणाली. "मनी फुई जे बोलनी तेच सांगस. कुत्राले नाव शे, मानूसले नही."

सगळे हसले. मायने तोंडावर पदर घेतला. हसू ओसरल्यावर मागून एक म्हातारे लूमवाले काका बोलले, "मना लूमले बी नंबर शे. शेठ माले 'ए मराठी' म्हनस. वीस वरीस व्हई ग्यात."

त्यानंतर प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं. जाताना बायका मामेबहिणीचा हात धरून बोलत होत्या. माझ्या पत्रकाच्या प्रती खुर्च्यांवर राहिल्या. त्या मी एकटीने गोळा केल्या आणि पिशवीत कोंबल्या.

घरी आल्यावर मी भांडले. "ते वाक्य माझ्या पत्रकात होतं. तू चोरलंस."

"कोठे शे? दाखाड."

मी दाखवलं. तिने मायला ऐकू जाईल असं सावकाश वाचलं: "'श्वानाला नाव आहे, परंतु श्रमिकास नाव नाही, असे मत एका कामगार महिलेने व्यक्त केले.'"

मायने कात्री थांबवली. "हाई कोन बाई शे?"

"तूच शे फुई," मामेबहीण म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुनी माय पुनानी कवय व्हयनी वं?"

माय इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. माय पुण्याची कधी झाली, या प्रश्नावर मला हसू येत नव्हतं. डबिंगवाल्यांवर मी पानभर आग ओकले होते आणि त्याच पानावर स्वतःच्या आईला डब केलं होतं. वर नावही काढून घेतलं होतं.

पत्रक पुन्हा छापलं. आता वाक्य मायच्या तोंडचं आहे तसं आहे, आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव. ती प्रत तिने देव्हाऱ्याशेजारी चिकटवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पत्रक दाखवते आणि सांगते, "मनी भाची काय बोलनी त्या दिवशी!"

मी आतून ऐकते. ते पत्रक मी लिहिलंय, हे सांगायला बाहेर जावंसं वाटतं. अजून तरी गेले नाही.